शाळेचे सांडपाणी व पाणवनस्पतींचा वाफा

छत्रपती संभाजीनगर शहरातील पाणचक्कीजवळून वाहणारी खाम नदी अनेक शिक्षकबंधु-भगिनींनी पाहिली असेल. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे पोटात घेत ती पुढे गोदावरीस मिळते. २०२१ च्या सुमारास तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेण्यात आले. तथापि, घाण पाणी जेथे निर्माण होते तेथेच ते शुद्ध करणे, हा अधिक सुलभ मार्ग होय. आणि तो आपल्या शाळेपासूनही आरंभिता येईल.

पाणथळ जागेतून संथपणे जाणारे पाणी पुष्कळसे निवळते. या नैसर्गिक क्रियेचा उपयोग सांडपाण्यासाठी करून घेण्याचे प्रयोग जर्मनीत काथे झायडेल या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात केले.

शालेय पोषण आहाराची भांडी व मुलांचे हात धुतलेले पाणी प्रथम एका लहान टाकीत घ्यावे. तेथे खरकटे तळाशी बसते व तेलकट तवंग वर राहतो. मधले पाणी खडीने भरलेल्या, तळास न झिरपणाऱ्या वाफ्यात सोडावे. वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावावे. शुद्धीकरणाचे मुख्य कार्य खडीवर व मुळांवर वाढणारे सूक्ष्म जीव करतात. ते पाण्यातील सेंद्रिय घाणीचे विघटन करतात. मुळे त्यांना आश्रय व थोडा प्राणवायू पुरवितात. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखालीच ठेवावी, म्हणजे डासांची पैदास होत नाही.

वरच्या वर्गास पुढील उदाहरण घालता येईल. वाफा ६ मीटर लांब, २ मीटर रुंद. पाण्याने भरलेल्या खडीची खोली ०.६ मीटर. घनफळ ७.२ घनमीटर. त्यात ४० टक्के पोकळी धरल्यास २,८८० लिटर पाणी मावते. रोज ९६० लिटर पाणी येत असल्यास ते वाफ्यात किती दिवस राहील? उत्तर : ३ दिवस. पाणी वाढले की हा अवधी घटतो व शुद्धीही कमी होते.

टाकीतील गाळ व तवंग नियमितपणे काढावा. अन्यथा खडी तुंबते. शौचालयाचे पाणी या वाफ्यात सोडू नये. बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसले तरी पिण्यास योग्य नसते, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. ते आवारातील झाडांना द्यावे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे झाडे जगविणारे हे पाणी अल्प मोलाचे नव्हे.