वर्गाच्या शेजारची खोली

कॅडबरी म्हटली की आमच्या बांद्यातली पोरं हात पुढे करतात. त्या घराण्यातला जॉर्ज कॅडबरी दर रविवारी सकाळी साडेसातला बर्मिंगहॅमच्या कामगारांना लिहा-वाचायला शिकवायचा. एकदोन वर्षं नव्हे, सुमारे पन्नास वर्षं! मी जन्मभर प्राथमिक शाळेत खडू घासला, पण हे मला कळलं निवृत्तीनंतर, वाचनाला सवड मिळाली तेव्हा.

कॅडबरी क्वेकर पंथाचा. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सपासून सुरू झालेला हा पंथ. त्यांच्या प्रार्थनेला पुरोहित लागत नाही. सगळे गप्प बसतात, ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. राजमान्य चर्चच्या बाहेरचे म्हणून ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी त्यांना बराच काळ बंद होती. मग मंडळी व्यापारात शिरली आणि हिशेबाला पक्की म्हणून नावाजली. 1798 साली नॉटिंगहॅममध्ये लेस आणि मोजे विणणाऱ्या कारखान्यांतल्या तरुणींसाठी प्रौढांची शाळा निघाली, तिला सॅम्युअल फॉक्स या क्वेकर दुकानदाराने हात दिला. पुढे 1845 मध्ये जोसेफ स्टर्ज या धान्याच्या व्यापाऱ्याने बर्मिंगहॅमला सेव्हर्न स्ट्रीटवर अशीच शाळा काढली. कॅडबरीचा वर्ग तिथलाच.

वाचनाचं पुस्तक बायबल. धर्माचा हेतू नव्हताच असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण मला त्यात रस नाही. मला रस आहे वर्गाला लागून उभ्या राहिलेल्या गोष्टींत. आठवड्याला चार पैसे टाकायचा बचत फंड आला, वाचनालय आलं. आजारी पडलेल्याच्या घरी मदत पोचू लागली. पुढे अशा शाळांना जोडून करमणुकीचे क्लबही निघाले. कामावरून सुटलेल्या माणसाला गुत्त्याखेरीज बसायला जागा हवी, हे या लोकांनी ओळखलं होतं. क्वेकर दारूच्या विरोधात. कॅडबरींचा कोकोसुद्धा दारूला पर्याय म्हणूनच पुढे आला. गोव्याची हद्द हाकेवर असलेल्या आमच्या गावाला हा मुद्दा फोडून सांगायला नको.

कामगारांसाठी असे वर्ग आपल्याकडेही होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. आणि मुंबईत 1911 साली नारायण मल्हार जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली. जोशी आपल्या कोकणातलेच, रायगडातल्या गोरेगावचे. लीगने रात्रशाळा चालवल्या, वाचनालयं चालवली, पुस्तकांच्या पेट्या वस्त्यांत फिरवल्या, सहकारी पतपेढ्याही काढल्या. परळचं दामोदर नाट्यगृह याच लीगचं. चाकरमान्यांनी तिथे किती नाटकं गाजवली, हे आमच्या तिठ्यावरचे म्हातारे आजही सांगतील. त्यांची गावमंडळंही एका परीने क्लबच होती: गिरणगावात एक खोली, भिंतीशी सगळ्यांच्या पेट्या, पाळीपाळीने झोप, महिन्याची वर्गणी आणि संध्याकाळी भजन. त्या खोलीत शिकलेला एखादा असला की गावची पत्रं तो सगळ्यांना वाचून दाखवायचा.

नव्वदच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात साक्षरता मोहीम जोरात चालली, तेव्हा मीही कंदिलाच्या उजेडात वर्ग घेतला. एक आजी पहिल्याच दिवशी म्हणाली, ''गुरुजी, तुमचा ग म भ न मगे. आधी माका एस्टीची पाटी वाचूक शिकवा.'' मी बांदा, सावंतवाडी, पणजी हे तीन शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. 'डी'चा डोक्यावरचा फुगा 'वाडी'त कुठे बसतो, हे तिने बोट फिरवून फिरवून पक्कं केलं. वर्गाची मुदत सरली, पाट्या परत गेल्या, आणि बहुतेकांची अक्षरं दोन पावसाळ्यांत पुसली.

टिकली ती बचत गटात गेलेल्या बायकांची. दर महिन्याला वहीत सही करायची, आपल्या नावापुढचा आकडा शेजारणीच्या आकड्याशी ताडून बघायचा. कुणी पाच रुपये चुकून कमी लिहिले तर लगेच बोट ठेवायची! पैशाला जोडलेलं अक्षर विसरत नाही. सेव्हर्न स्ट्रीटवाल्यांनी बचत फंड वर्गाच्या शेजारीच का ठेवला, याचं उत्तर मला या वहीत मिळालं.

शिकवणाराही त्यातून शिकतो. कॅडबरीला कामगारांची घरं किती कोंदट आणि अंधारी आहेत, हे त्या रविवारच्या वर्गातल्या ओळखींतून समजलं, आणि पुढे बॉर्नव्हिलची बागांसह बांधलेली वसाहत उभी राहिली. 1895 पासून तिथे घरं बांधली गेली.

सध्या 'उल्लास' नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे. 2022 ते 2027 अशी त्याची मुदत, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतं. छानच आहे. पण तुमच्या वाडीत असा वर्ग भरत असेल, तर प्रमाणपत्र वाटून तो मिटवू नका. गावच्या वाचनालयात किंवा समाजमंदिरात आठवड्यातली एक संध्याकाळ मागून घ्या. तिथे ताजा पेपर, गटाची वही, कॅरम आणि चहा ठेवा, आणि एक शिकलेला माणूस बसवा. कुणी बसायला नसेल तर निवृत्त मास्तर प्रत्येक गावात असतात. त्यांना हाक मारा.