बुवांनी तान घेतली, तेव्हा कॅमेरा कुठे होता?

भाताची झोडणी उरकली की कर्जत-खालापुरात माइकचे दिवस सुरू होतात. कार्तिकी एकादशीला खोपोलीजवळ साजगाव-ताकईला बोंबल्या विठोबाची यात्रा, माघात महडला वरदविनायकाचा उत्सव, आणि मधूनमधून कशेळे, कडाव, चौक, वावोशी अशा गावागावांतले हरिनाम सप्ताह. रात्री कीर्तन संपलं की भजन बसतं. हल्ली त्या मंडपात एकाऐवजी तीन कॅमेरे असतात, कारण मुंबईला, पनवेलला गेलेल्या गावकऱ्यांना ते भजन यूट्यूबवर बघायचं असतं आणि एकाच ठिकाणी खिळलेला कॅमेरा तासभर कोणी बघत नाही.

याच पट्ट्यात नितीन देसाईंनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभारला; ‘जोधा अकबर’साठी महाल तिथेच उभे राहिले. गावच्या भजनाचं एडिटिंग मात्र फोटोवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत होतं. तिथे मी हे काम शिकतोय. तीन कॅमेऱ्यांतून कुठला कधी दाखवायचा हे डोळ्याचं काम असेल, अशी माझी समजूत होती. निम्म्याहून जास्त काम कानाचं निघालं.

पहिली गोष्ट, आवाज एकच असतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक लाइन छोट्या रेकॉर्डरला दिलेली असते, तोच आवाज शेवटपर्यंत राहतो. कॅमेऱ्यांत शिरलेला आवाज (पोरांची रडारड, घाट चढायला मागून इंजिन लागलेल्या गाडीची शिट्टी, सगळं) फक्त जुळवणीपुरता वापरायचा. दाविंची रिझॉल्व्हची फुकट मिळणारी आवृत्ती या कामाला पुरते. तिन्ही क्लिप आणि रेकॉर्डरची फाइल निवडून मल्टिकॅम क्लिप करायची, जुळवणी आवाजावर करायला सांगायची, आणि प्रोग्राम लाटा ताडून सगळं एका रेषेत आणतो. भजनाला यात टाळांचा फायदा होतो. पेटीची लाट गुळगुळीत, लांबट दिसते. टाळ पडला की उभी धारदार रेघ उमटते. प्रोग्राम चुकला तर हाताने जुळवायलाही तीच रेघ कामाला येते.

एवढ्यावर सोडलं तर मात्र फसगत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आपल्या व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे एका फ्रेमच्या वेळात आवाज साडेतेरा मीटर कापतो. मंडपाच्या टोकाला, स्टेजपासून पंचवीस-सत्तावीस मीटरवर ट्रायपॉड ठेवला असेल, तर त्या कॅमेऱ्याला चित्र तत्क्षणी मिळतं आणि आवाज दोन फ्रेम उशिरा पोचतो. प्रोग्राम आवाजाला आवाज चिकटवतो, त्यामुळे चित्र दोन फ्रेम पुढे धावतं. टाळ एकमेकांवर आपटलेले दिसतात आणि ‘छन्’ मागून येतं. ती क्लिप हाताने दोन फ्रेम उशिरा सरकवायची. संथ अभंगात हे कोणाच्या लक्षात येणार नाही, कारण मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत दोन मात्रांमध्ये २५ फ्रेम असतात. गजर चढला, लय १६० वर गेली, की मात्रेला जेमतेम नऊ फ्रेम उरतात, आणि मग दोन फ्रेमचा फरक गावातलं शेंबडं पोरही पकडतं. इथे प्रत्येकाने कधी ना कधी टाळ धरलेला असतो.

मोबाइलचा त्रास वेगळा. त्याचा फ्रेमचा वेग उजेडाप्रमाणे कमीजास्त होतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेलं चित्र भैरवीपर्यंत सुटत जातं. फाइल आधी ‘हँडब्रेक’ या प्रोग्राममधून काढून वेग कायम करून घ्यायचा. काही कॅमेरे तिसाव्या मिनिटाला आपोआप थांबतात. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात लागायची, ती चुकवायला कंपन्यांनी २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा घातली. त्या जकातीपायी आमच्या कशेळ्याच्या भजनातला गौळणीचा मुखडा एका कॅमेऱ्यातून गायब!

आता खरा कट. गाणं चालू ठेवून कीबोर्डवर १, २, ३ दाबत जायचं. जो आकडा दाबाल तो कॅमेरा लागतो. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं, तेव्हापासून तिथल्या कंट्रोल रूममध्ये हेच काम जागच्या जागी चालायचं, दुरुस्तीची सोय नसताना. आपल्याला नंतर कट सरकवता येतो, हे नवशिक्याचं नशीब. बोट नेहमी उशिरा पडतं. कान ऐकतो, मग बोट हलतं, तोवर चार-पाच फ्रेम निघून गेलेल्या असतात. म्हणून पहिल्या फेरीनंतर जवळजवळ प्रत्येक कट मागे ओढावा लागतो.

किती मागे? पखवाजाकडे बघा. डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, त्यावर उघडा हात पडला की घुमारा येतो. कट बरोबर थापेवर केला तर थाप दिसतच नाही. बघणाऱ्याचा डोळा नव्या चित्रावर स्थिरावेपर्यंत हात उचललेला असतो. हात हवेत असताना कट करायचा, थापेच्या दोन-तीन फ्रेम आधी. मग हात खाली येताना दिसतो आणि आवाज त्याच्यासोबत पडतो. तिहाईत तर पहिल्या दोन वेळा बुवांवर राहायचं आणि तिसऱ्या वेळी पखवाज्याकडे जायचं, म्हणजे सम त्याच्या हातावर येते. हे कुठल्या ट्यूटोरियलमध्ये सापडत नाही. ते भजनात बसून कळतं. भजनी ठेका आठ मात्रांचा आहे एवढंही माहीत नसलेला एडिटर दर चार सेकंदांनी कॅमेरा बदलत बसतो. तसले व्हिडिओ आमच्याकडे भरपूर निघतात आणि ते बघवत नाहीत.

बुवा आलाप घेत असतील तेव्हा कट करू नये, हे माझं पक्कं मत. माणूस गातोय, डोळे मिटलेत, मानेची शीर फुगलीय. त्यात मंडपाचं झुंबर दाखवून काय मिळतं?

गजर वेगळा. तिथे लय चढते तसे कट जवळ येऊ द्यावेत, आणि अगदी टिपेला पडदा विभागावा. डावीकडे बुवा, उजवीकडे वर पखवाज, खाली टाळकऱ्यांची रांग. ‘वुडस्टॉक’ या १९७० च्या माहितीपटात पडदा असाच विभागला होता. त्याच्या एडिटिंगला असलेल्या मार्टिन स्कॉर्सेसीने पुढे ‘द लास्ट वॉल्ट्झ’ काढला, तेव्हा गाण्यांच्या ओळींनुसार कॅमेऱ्यांची आखणी आधी कागदावर केली. आम्ही एवढंच करतो की भजनाआधी बुवांकडे जाऊन अभंगांचा क्रम लिहून आणतो. पण विभागलेला पडदा संपूर्ण गाण्यावर ठेवला की कोणाकडेच नीट बघणं होत नाही. अर्ध्या मिनिटाच्या वर नको.

रंग जुळवायला टाळकऱ्याची पांढरी टोपी धरायची, कारण ती तिन्ही कॅमेऱ्यांत असते. फक्त नीळ जास्त झालेली टोपी धरली तर सगळा मंडप पिवळा पडतो.

आणि एक हिशेब कुठल्याही प्रोग्रामात नसतो. व्हिडिओ टाकला की तासाभरात फोन येतो, “माऊली, आमचा बाबा दिसलाच नाय!” बाबा मागच्या रांगेत, सुराला अंमळ कमी, पण तीस वर्षं टाळ वाजवणारा. त्याच्यावर एक तरी कट हवा. तो संगीताच्या दृष्टीने चुकीच्या जागी पडला तरी चालेल, असं मी आता मानतो. कारण हा व्हिडिओ बघणाऱ्यांतले निम्मे आपला माणूस शोधत बघतात.

सप्ताह समित्यांना एवढंच सांगणं आहे. मंडपवाला आणि साउंडवाला ठरवता त्याच दिवशी शूटिंगवाल्यालाही बोलवा. मिक्सरमधून एक लाइन त्याला मिळेल असं साउंडवाल्याला बजावा. तिन्ही कॅमेरे स्टेजच्या एकाच बाजूने लावू द्या, नाहीतर प्रत्येक कटला बुवांचं तोंड उलट्या दिशेला फिरतं. आणि मंडपात रंगीत एलईडीची लुकलुक लावू नका. त्याच्या पट्ट्या चित्रात येतात आणि त्या नंतर सहज काढता येत नाहीत.