वायुवाहिनी आणि शेतकरी : पारशिवनी तालुक्याच्या संदर्भात

मुंबई-नागपूर-झारसुगुडा नैसर्गिक वायुवाहिनीमुळे नागपूर जिल्ह्यात वायू उद्योग व शेतकरी यांचा संबंध थेट बांधावर येतो. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्यानुसार मालकी शेतकऱ्याकडेच राहते; संपादन होते ते केवळ वापर-हक्काचे. मोबदला म्हणून नुकसानभरपाई आणि जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. मात्र त्या पट्ट्यात विहीर, तळे, घर वा नवे झाड कायमचे वर्ज्य ठरते. पारशिवनीत पेंच कालव्यावर धान घेणाऱ्यास हे एकवेळ सोसेल. विहीर खोदून संत्रा लावू पाहणाऱ्यास १० टक्के तुटपुंजेच. अधिसूचनेच्या प्रती उपलब्ध झाल्यापासून हरकतीस २१ दिवस असतात. खरे सहकार्य अभिप्रेत असेल, तर आखणीचा नकाशा त्यापूर्वीच ग्रामसभेपुढे यावयास हवा. वाहिनीची दिशा वळविणे नकाशावर असतानाच सुकर असते.