एका चित्रपटापुरता बाँड : जॉर्ज लॅझेन्बी आणि अनुकार्याचा प्रश्न

एखादी गाजलेली भूमिका एका नटाकडून दुसऱ्या नटाकडे जाते तेव्हा प्रेक्षक नव्या नटाला कोणत्या मापाने मोजतो, हा प्रश्न नाट्यविचारात नवा नाही. चित्रपटाच्या क्षेत्रात या प्रश्नाचे एक उदाहरण मोठे उद्बोधक आहे. जॉर्ज लॅझेन्बी या ऑस्ट्रेलियन नटाने जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराची भूमिका एकदाच केली, ती १९६९ सालच्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ या चित्रपटात. त्या एका भूमिकेवरून बाँडपटांच्या रसिकांत सुरू झालेला वाद अर्धशतक उलटले तरी शमलेला नाही. या मालिकेतील एका उत्तम चित्रपटाचे नुकसान लॅझेन्बीने केले, असे एक पक्ष म्हणतो. तो चित्रपट उत्तम झाला तो काही अंशी त्याच्यामुळेच, असे दुसरा पक्ष म्हणतो. या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. वाद मुळात कशाविषयी आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९६२ ते १९६७ या काळात शॉन कॉनरी याने पाच चित्रपटांतून बाँड साकारला आणि नंतर ती भूमिका सोडली. त्याच्या जागी निवडला गेलेला लॅझेन्बी १९३९ साली न्यू साउथ वेल्समध्ये जन्मला. मोटारी विकण्याचा व्यवसाय करून तो पुढे लंडनला आला व तेथे छायाचित्रांसाठी आणि जाहिरातींसाठी काम करू लागला. चॉकलेटच्या एका जाहिरातीमुळे त्याचा चेहरा लोकांच्या परिचयाचा झाला होता. परंतु चित्रपटात अभिनय केल्याचा अनुभव त्याला नव्हता. निवडीसाठी जाण्यापूर्वी आपण कॉनरीच्याच केशकर्तनकाराकडून केस कापून घेतले व कॉनरीसाठी शिवलेला, पण त्याने न नेलेला सूट त्याच्या शिंप्याकडून मिळविला, असे तो स्वतः सांगत आला आहे. हा तपशील केवळ गमतीचा नाही. ज्या सादृश्याच्या बळावर त्याने भूमिका मिळविली, त्याच सादृश्याच्या अभावाबद्दल पुढे त्याला दोष देण्यात आला.

चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्याने ही भूमिका पुन्हा न करण्याचे ठरविले होते. सूटबूट घातलेल्या गुप्तहेराचा जमाना संपला, असे त्याच्या सल्लागाराचे मत होते व ते त्याला पटले. डिसेंबर १९६९ मध्ये लंडन येथे झालेल्या पहिल्या खेळाला तो लांब केस आणि दाढी अशा अवतारात हजर राहिला. चित्रपटाचे उत्पन्न आधीच्या चित्रपटापेक्षा कमी भरले, आणि १९७१ साली निर्मात्यांनी मोठे मानधन देऊन कॉनरीला एका चित्रपटासाठी परत आणले. या घटनाक्रमामुळे एक समज रूढ झाला, तो असा की लॅझेन्बीला अपयशामुळे काढून टाकण्यात आले. वस्तुतः तो आपणहून गेला होता. नट का गेला आणि त्याने अभिनय कसा केला, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. रसिकांच्या वादात मात्र ते वारंवार एकमेकांत मिसळलेले दिसतात.

आता दोन्ही पक्षांचे म्हणणे तपासू. विरोधी पक्षाचा मुख्य आक्षेप संवादांवर आहे. लॅझेन्बीचे बोलणे ठोकळेबाज वाटते, विनोदाची फेक साधत नाही, असे तो म्हणतो. या आक्षेपाला चित्रपटाच्या घडणीतूनच एक पुरावा मिळतो. कथेच्या मध्यभागी बाँड हा सर हिलरी ब्रे या वंशावळतज्ज्ञाचे सोंग घेऊन आल्प्समधील शत्रूच्या ठाण्यावर जातो. या संपूर्ण भागात ऐकू येणारा आवाज लॅझेन्बीचा नसून ब्रे यांची भूमिका करणारा नट जॉर्ज बेकर याचा आहे. समर्थक म्हणतात की सोंगासाठी आवाज बदलला, हे कथेला धरूनच आहे. ते खरे असले तरी, ज्या नटाचा आवाज इतका वेळ पडद्यावर नाही, त्याच्या वाचिक अभिनयाचे मूल्यमापन अपुऱ्या साधनांवर करावे लागते, हे उभय पक्षांनी मान्य करावयास हवे.

समर्थक पक्षाचा भर आंगिक अभिनयावर आणि शेवटच्या प्रसंगावर असतो. मारामारीच्या दृश्यांतील त्याची चपळाई कोणी फारशी नाकारीत नाही. परंतु येथेही श्रेयाचा प्रश्न सोपा नाही. दिग्दर्शक पीटर हंट हे मूळचे संकलक. आरंभीच्या बाँडपटांना जी धावती, तुटक लय लाभली ती त्यांच्या कात्रीतून. या चित्रपटाचे संकलन जॉन ग्लेन यांनी केले व ते पुढे याच मालिकेचे दिग्दर्शक झाले. ठोसा नटाचा असतो. तो पडद्यावर कितपत जोरात बसतो, हे बरेचसे संकलक ठरवितो.

शेवटचा प्रसंग तर अधिकच विचारणीय आहे. बाँड ट्रेसीशी विवाह करतो आणि त्यानंतर लवकरच, रस्त्याच्या कडेला थांबलेल्या मोटारीत, तिची हत्या होते. मृत पत्नीला जवळ घेऊन, ती केवळ विश्रांती घेत आहे, असे तो पोलिसाला सांगतो. एका चित्रणात आपल्या डोळ्यांतून अश्रू आले होते, पण बाँड रडत नाही असे सांगून हंट यांनी तो प्रसंग पुन्हा चित्रित केला, अशी आठवण लॅझेन्बीने सांगितली आहे. तेव्हा आपण पाहतो तो संयम नटाचा की दिग्दर्शकाचा? उत्तर काहीही असो, त्या संयमातच प्रसंगाची ताकद आहे. ‘कॉनरी असता तर हा प्रसंग अधिक रंगला असता’ हे विधान सिद्ध करता येत नाही, तसे खोडूनही काढता येत नाही. म्हणूनच ते इतकी वर्षे टिकून आहे.

या ठिकाणी आपल्या रसचर्चेतील एक जुना वाद उपयोगी पडतो. श्रीशंकुकाच्या मते नट हा रामादी अनुकार्याचे अनुकरण करतो आणि चित्रातील घोड्याला आपण जसे घोडा म्हणतो, तसा प्रेक्षक नटाच्या ठिकाणी राम पाहतो. अभिनवगुप्ताने आपले गुरू भट्टतौत यांचा यावरील आक्षेप नोंदविला आहे. अनुकरण ओळखण्यासाठी मूळ आणि नक्कल दोन्ही पाहिलेली असावी लागतात. रामाला तर कोणीच पाहिलेले नाही. मग नट त्याचे अनुकरण करतो, हे ठरवावयाचे कशावरून?

बाँडलाही कोणी पाहिलेले नव्हते. तो इयन फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांतील शब्दांत होता. कॉनरीला पाहणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांजवळ तुलनेसाठी दृश्य असे दुसरे मूळ नव्हते. म्हणून त्याने जे केले तेच ‘बाँड’ ठरले. १९६९ साली परिस्थिती पालटली. आता मूळ डोळ्यांसमोर होते, आणि ते होते कॉनरीचे. भट्टतौतांनी अशक्य म्हटलेली तुलना प्रथमच शक्य झाली, परंतु ती अनुकार्याशी नव्हे, आधीच्या अनुकर्त्याशी. लॅझेन्बीविषयीच्या वादाचे मर्म येथे आहे. एक पक्ष त्याला कॉनरीशी ताडून पाहतो, दुसरा फ्लेमिंगच्या पानांशी. १९६३ च्या मूळ कादंबरीतील बाँड प्रेमात पडतो, विवाह करतो व सर्वस्व गमावतो. चित्रपट त्या कथेशी बराच एकनिष्ठ असल्याने दुसऱ्या पक्षाला आपले माप अधिक खरे वाटते.

मात्र हे मापही निखळ नाही. पहिला बाँडपट तयार होत होता त्याच काळात फ्लेमिंग ही कादंबरी लिहीत होते, आणि तिच्यात त्या चित्रपटाची नायिका उर्सुला आंद्रेस हिचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ संहिता’ म्हणतो, तिच्यावरही पडद्याची सावली पडलेली होती.

निर्मात्यांनाही या तुलनेची धास्ती असावी, असे चित्रपटच सांगतो. आरंभीच्या प्रसंगात नायिका हातची निसटून जाते तेव्हा नवा बाँड, आधीच्या गड्यावर अशी पाळी कधी आली नव्हती, अशा अर्थाचे वाक्य बोलतो. श्रेयनामावलीत पूर्वीच्या चित्रपटांतील दृश्ये सरकतात. पुढे तो आपल्या टेबलाच्या खणातून जुन्या साहसांतील वस्तू काढतो आणि पार्श्वभूमीला त्या त्या चित्रपटाचे संगीत वाजते. हाच तो पुरुष, असे पटवून देण्याची ही खटपट आहे. पण प्रत्येक वेळी तिने पहिल्या नटाचीच आठवण ताजी होते.

यापुढील इतिहास मात्र लॅझेन्बीच्या बाजूने वळला. ‘जेम्स बाँड’ हे व्यक्तीचे नाव नसून एकामागून एक येणाऱ्या हेरांना दिले जाणारे सांकेतिक नाव आहे, अशी उपपत्ती काही रसिक मांडतात. १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ या चित्रपटात रॉजर मूरचा बाँड ट्रेसीच्या थडग्यावर फुले ठेवतो, तेव्हा ही उपपत्ती कोसळते. १९८९ च्या चित्रपटातही त्या विवाहाचा उल्लेख येतो. २०२१ च्या ‘नो टाइम टु डाय’मध्ये तर १९६९ च्या चित्रपटातील जॉन बॅरी यांचे संगीत पुन्हा योजले आहे. ज्याला उपरा ठरविण्यात आले, त्याच्याच चित्रपटातील दुःख पुढच्या नटांनी आपले म्हणून वागविले.

नट दोनच होते तोवर दुसरा हा पहिल्याचा अपभ्रंश ठरत होता. १९६२ ते २०२१ या काळातील पंचवीस चित्रपटांत सहा नट झाले, तेव्हा पहिलाही अनेकांपैकी एक झाला. लॅझेन्बीच्या अभिनयात या काळात तसूभरही फरक पडला नाही; चित्रफीत तीच आहे. पालटले ते प्रेक्षकाच्या हातातील माप. अभिनयाची समीक्षा करणाराने नटाविषयी निर्णय देण्यापूर्वी आपण त्याला कोणाशेजारी उभे करीत आहोत हे आधी सांगावे, एवढाच बोध या प्रकरणातून घ्यावयाचा. तसे न केल्यास ज्याला आपण अभिनयाचा दोष म्हणतो, तो पुष्कळदा केवळ उशिरा येण्याचा दोष असतो.