पाड्यापासून पृथ्वीपर्यंत : मोबाइलवर भूगोल कसा शिकवावा

आपल्या वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत आता निदान एक तरी स्मार्टफोन असतो. मुले त्यावर गाणी पाहतात, खेळ खेळतात. त्याच फोनवर सबंध पृथ्वी विनामूल्य पाहता येते, याचा उपयोग मात्र फार थोड्या ठिकाणी होतो. तो कसा करावा हे शिक्षक आणि कार्यकर्त्यांसाठी येथे सांगत आहोत. आग्रह एकच आहे : जगाची सफर आपल्या पाड्यापासून सुरू करावी.

आधी आपला पत्ता

हा आग्रह का, हे एका खऱ्या हकिकतीवरून कळेल. १९८६ साली मध्य प्रदेशातील खंडव्याचा पाच वर्षांचा एक मुलगा बुऱ्हाणपूर स्थानकावर उभ्या असलेल्या गाडीत झोपी गेला आणि थेट कोलकात्याला पोहोचला. आपले गाव कोणते, हे त्याला नीट सांगता येईना. ‘गणेश तलाई’ हे वस्तीचे नाव तो आपल्या बोबड्या उच्चारात सांगे, ते कोणाला उमगत नसे. स्वतःचे ‘शेरू’ हे नावही तो ‘सरू’ असे सांगे. शेवटी ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरच्या एका दांपत्याने त्याला दत्तक घेतले. तोच पुढे सरू ब्रायरली या नावाने प्रसिद्ध झाला.

मोठेपणी त्याने ‘गूगल अर्थ’वर आपले गाव शोधायला घेतले. आपण गाडीत अंदाजे किती तास होतो आणि त्या काळी गाड्या किती वेगाने धावत, याचा हिशेब करून त्याने सुमारे १,२०० किलोमीटर हे अंतर काढले. मग कोलकात्यापासून निघणारे रूळ धरून तो एकेक स्थानक तपासत गेला. २०११ मध्ये एका स्थानकाजवळची पाण्याची टाकी आणि पूल त्याला ओळखीचे वाटले. २०१२ मध्ये तो खंडव्याला आला आणि आईला भेटला. ‘लायन’ हा चित्रपट त्याच्याच आयुष्यावर आहे.

वेगाला वेळेने गुणले की अंतर मिळते, हे शाळेतले गणित त्याच्या कामी आले. पण गाव, तालुका, जिल्हा ही तीन नावे त्याला लहानपणी येत असती, तर पंचवीस वर्षे गेली नसती. आपल्या भागातली कितीतरी मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर परमुलखात जातात. म्हणून पहिला धडा हाच असावा : प्रत्येक मुलाने आपले गाव, तालुका, जिल्हा आणि जवळचे बसस्थानक किंवा रेल्वे स्थानक तोंडाने सांगावे आणि पडद्यावर बोटाने दाखवावे.

काय काय उपलब्ध आहे

‘गूगल अर्थ’मध्ये उपग्रहांनी आणि विमानांतून घेतलेली छायाचित्रे जोडून पृथ्वीचा गोल तयार केलेला आहे. ‘भुवन’ हे आपल्या इस्रोचे संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे. ठिकाणांची माहिती वाचण्यासाठी मराठी विश्वकोश आणि मराठी विकिपीडिया आहेत. विश्वकोशातल्या नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या असल्या तरी काही जुन्या आहेत, त्यामुळे लोकसंख्येसारखे आकडे ताडून पाहावेत. जेथे रेंज मिळत नाही तेथे नकाशा आधीच उतरवून घेता येतो. ‘किविक्स’ या विनामूल्य अॅपमुळे विकिपीडियाही इंटरनेटशिवाय वाचता येतो. तालुक्याच्या गावी गेल्यावर हे काम करून ठेवावे.

एका अक्षांशावरून जगाची फेरी

नुसता गोल फिरवत बसले तर मुले दहा मिनिटांत कंटाळतात. त्यांना प्रश्न द्यावा. नंदुरबार शहर साधारण २१.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून सरळ पश्चिमेला निघालो तर वाटेत काय लागेल?

सौराष्ट्र आणि अरबी समुद्र ओलांडला की ओमानचा किनारा येतो. पुढे मक्का, तांबडा समुद्र आणि सहारा वाळवंट लागते. अटलांटिकपलीकडे क्युबातले कामाग्वे शहर जवळजवळ याच अक्षांशावर आहे. मेक्सिकोनंतर प्रशांत महासागरात हवाई बेटांवरचे होनोलुलू येते. मग व्हिएतनामचे हनोई थोडे दक्षिणेला ठेवून आपण लाओस, म्यानमार, बांगलादेशाचे कॉक्स बाजार आणि ओडिशाचे बालेश्वर या वाटेने घरी परततो. ही फेरी सुमारे ३७,००० किलोमीटरची होते.

आता खरा प्रश्न विचारावा. अक्षांश तोच, तर सहारात वाळू आणि सातपुड्यात साग कसा? विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा या पट्ट्यात खाली उतरते. उतरणाऱ्या हवेत ढग धरत नाहीत, म्हणून सहारा कोरडा राहिला. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन तापते आणि जूनपासून नैऋत्येचे वारे समुद्रावरची वाफ घेऊन येतात. म्हणून आपल्याकडे रान वाढते.

रेखांशाचाही असाच खेळ घेता येतो. गडचिरोली नंदुरबारच्या पूर्वेला जवळजवळ पावणेसहा अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे धरली, तर तेथे सूर्य सुमारे २३ मिनिटे आधी उगवतो. दोन्हीकडच्या वसतिगृहांनी एकाच दिवशी वेळ नोंदवून हे पडताळून पाहावे. त्यात एकदोन मिनिटांचा फरक पडेल.

नकाशा फसवतो तेव्हा

वेबवरचे सपाट नकाशे बहुधा मर्केटर पद्धतीचे असतात. १५६९ साली मर्केटरने ही पद्धत खलाशांना दिशा धरता यावी म्हणून काढली. तिच्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे, तर ग्रीनलंड जेमतेम २२ लाख. आपला भारत ३३ लाखांच्या घरात, म्हणजे ग्रीनलंडहून दीडपट मोठा आहे. पडद्यावर दिसते ते सगळे जसेच्या तसे मानू नये, हा धडा मुलांना भूगोलाबाहेरही उपयोगी पडेल.

उपग्रहाची चित्रेही त्या क्षणाची नसतात, काही महिने किंवा वर्षे जुनी असतात. पण जुनेपणाचाही उपयोग होतो. ‘गूगल अर्थ’च्या ‘टाइमलॅप्स’मध्ये १९८४ पासूनचे बदल दिसतात. सरदार सरोवराचे पाणी चढले तशी अक्कलकुव्यातल्या मणिबेलीजवळची नर्मदा कशी रुंदावली, ते पाहावे. मग मध्य आशियातला अरल समुद्र पाहावा. कापसाच्या शेतीसाठी त्याच्या नद्यांचे पाणी वळवले आणि समुद्र आटत गेला. एकीकडे पाणी वाढून गावे गेली, दुसरीकडे पाणी सरून कोळ्यांची बंदरे कोरडी पडली. मणिबेली ठाऊक असलेल्या मुलाला अरलकाठच्या माणसांचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पाडा नकाशात नसेल तर

शोधूनही पाडा सापडला नाही, तर मुले हिरमुसतात. अशा वेळी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ उपयोगी पडतो. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या नकाशात कोणालाही भर घालता येते. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहचित्रे पाहून तिथल्या राजधानीचे रस्ते काही दिवसांत नकाशात उतरवले. मदतपथकांनी तोच नकाशा वापरला.

आपल्या पाड्याची वाट, विहीर, शाळा, आरोग्य उपकेंद्र मुले अशीच नोंदवू शकतात. बाळंतिणीला न्यायला येणाऱ्या गाडीला ती नोंद उपयोगी पडू शकते. नाव मात्र गावकरी म्हणतात तसेच लिहावे. देवराई किंवा औषधी वनस्पतींच्या जागा गावातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय दाखवू नयेत. काही जागा गावापुरत्याच राहिलेल्या बऱ्या.

आठवड्यातून एक तास, एक फोन आणि एक प्रश्न एवढ्यावर हे काम चालते. उत्तर मुलांनी वहीत स्वतः नकाशा काढून लिहावे. त्या नकाशात पहिली खूण आपल्या पाड्याची असावी.