गवत कापण्याचे यंत्र : आधी वही घ्या, मग मशीन घ्या

खांद्याला पट्टा, हातात लांब दांडा, दांड्याच्या एका टोकाला छोटे पेट्रोल इंजिन आणि दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी किंवा पोलादी पाते. कोणी याला ग्रास कटर म्हणतो, कोणी ब्रश कटर. मुरगूड भागात वेदगंगेच्या काठचा ऊस, पावसाळी भात आणि गोठ्यातील दुभती जनावरे पाहता बांधावरचे गवत कापण्याचे काम दरवर्षी असणारच. तेव्हा आपल्या कारागीर तरुणांनी हे मशीन घेऊन मजुरीने गवत कापण्याचा धंदा करावा काय? आमचे उत्तर असे : जरूर करावा, पण आधी वही घ्यावी आणि मग मशीन घ्यावे.

दोरीच्या मशीनचा जन्म

नायलॉनच्या दोरीने गवत छाटण्याची युक्ती १९७१ साली अमेरिकेतील ह्युस्टन शहरात जॉर्ज बॅलस या गृहस्थांना सुचली. ते मूळचे नृत्यशाळा चालविणारे. मोटार धुण्याच्या ठिकाणी फिरणारे ब्रश पाहून त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला मासेमारीची दोरी बांधली आणि प्रयोग केला. कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःच उत्पादन सुरू केले आणि १९७७ साली तो धंदा एका मोठ्या कंपनीला विकला. डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसाला रोजी कोठूनही मिळू शकते, एवढाच बोध आपण घ्यावा.

कोणते काम होते, कोणते होत नाही

गिऱ्हाईकाला खरे सांगणे हा धंद्याचा पाया आहे. हे मशीन गवत वरून छाटते, मूळ काढत नाही. म्हणून हरळी आणि लव्हाळा पुन्हा फुटतात. ही भांगलण नव्हे, हे शेतकऱ्याला आधीच सांगावे. मात्र बांधाची माती मुळांनी धरलेली राहते, हा तणनाशकापेक्षा फायदाच आहे. वैरण हवी असेल तर दोरी वापरू नये. दोरी गवताचा चुरा करते, त्यात माती मिसळते आणि जनावर तोंड लावत नाही. वैरणीसाठी पातेच लावावे. दगडगोटे, कुंपण आणि भिंतीच्या कडेला मात्र दोरी बरी, कारण पाते दगडावर आपटले की तुटून उडू शकते.

खरा नफा किती?

पुष्कळ जण मिळालेल्या पैशातून पेट्रोल वजा करतात आणि उरले तो नफा समजतात. येथेच घात होतो. उदाहरणादाखल हिशोब मांडू. समजा मशीन १६,००० रुपयांचे आहे आणि ते ४०० तास काम देईल असे धरले, तर तासाला ४० रुपये मशीनची झीज. तासाला एक लिटर पेट्रोल १०५ रुपयांचे, ४० मिली ऑइल १६ रुपयांचे, दोरी-पात्याचे ९ रुपये आणि दुरुस्तीसाठी बाजूला २० रुपये. एकूण १९० रुपये झाले. गिऱ्हाईकाकडून तासाला २५० घेतले, तर पेट्रोल वजा जाता १४५ सुटले असे वाटते. प्रत्यक्षात सुटतात ६०. एवढ्यात स्वतःची मजुरी तरी भरून निघते काय, हे ज्याने त्याने पाहावे. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण रकाने हेच राहतील. शिवाय गवताचे काम मुख्यतः पावसाळ्याचे व त्यानंतरच्या थोड्या महिन्यांचे. वर्षभराचा संसार एकट्या या मशीनवर टाकू नये.

पेट्रोल आणि ऑइल

टू स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. कंपनीने २५ ला १ सांगितले असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतू नये, मापाने ओतावे. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होतो आणि भांडवल जागच्या जागी बसते. जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. फोर स्ट्रोक मशीनला मिश्रण लागत नाही, त्याचे ऑइल वेगळे असते.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आपल्याच उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. ते हवेतील ओलावा शोषते. महिनोन्‌महिने टाकीत राहिले तर पाणी वेगळे होते आणि कार्बोरेटर खराब होतो. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. किती टक्के इथेनॉल चालते, हे मशीनच्या पुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी.

मिस्त्रींना संधी

आमच्या मते खरी बरकत दुरुस्तीत आहे. राजदूत, लुना, आरएक्स १०० यांच्यावर हात बसलेले मिस्त्री आपल्यात पुष्कळ आहेत. टू स्ट्रोक त्यांना नवीन नाही. फक्त एक फरक शिकावा लागेल : हे मशीन कोणत्याही कोनात चालते, म्हणून त्याच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट नसून पातळ पडदा असतो. तो पडदा, पेट्रोलची नळी, प्लग, एअर फिल्टर, क्लच आणि खालच्या गिअरचे ग्रीस, एवढे सामान ठेवणारा मिस्त्री हंगामात रिकामा बसणार नाही.

भांडवल आणि भागीदारी

व्याजाच्या हप्त्यावर मशीन आणण्यापेक्षा दोघांनी भागीदारी करावी. एकाचे पैसे आणि दुसऱ्याचे श्रम असतील तर नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे. काम करणाऱ्याची हयगय नसताना तोटा आला, तर तो भांडवलवाल्याचा, हा मुदारबाचा नियम आहे. उधारी लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआन शरीफमध्येच आहे, तेव्हा कागद करण्यात संकोच नको. सातबारा असलेल्या बांधवांनी तालुका कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशी करावी. मात्र पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये.

जिवाची काळजी

चष्मा, कानाचे संरक्षण, बूट आणि जाड पँट यांशिवाय मशीन चालवू नये. दगड दूर उडतो, म्हणून १५ मीटरच्या आत माणूस किंवा जनावर असू नये. इंजिन बंद केल्याशिवाय अडकलेले गवत काढू नये. एका डोळ्याची किंमत कोणत्याही मजुरीत बसत नाही.

कबरस्तानचे काम

पावसाळ्यानंतर कबरस्तानात गवत माजते. तेथे कबरींजवळ पाते लावू नये. रस्ते आणि मोकळी जागाच मशीनने साफ करावी. कबरीवरील हिरवे गवत काढणे हनफी फिकहमध्ये मकरूह मानले आहे, सुकलेले काढण्यास हरकत नाही. म्हणून आधी मौलाना साहेब आणि जमातीच्या जबाबदार मंडळींना विचारावे.

मजुरी तासावर की क्षेत्रावर, पेट्रोल कोणाचे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवा. वही रोज लिहा. बाकी रोजी देणारा अल्लाह आहे. माप आणि हिशोब चोख असेल तर या छोट्या मशीनमध्येही, इन्शाअल्लाह, बरकत आहे.