गुडघेदुखी : शस्त्रक्रियेच्या अलीकडचे उपाय

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर २००० साली आणि उजव्या गुडघ्यावर २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. कृत्रिम सांध्याची चर्चा त्या वेळी घरोघरी पोहोचली. गुडघा दुखू लागला म्हणजे आज ना उद्या तो बदलावाच लागणार, अशी समजूत मात्र आजही सर्रास आढळते. तोवरची वर्षे मलम चोळत आणि जिने टाळत काढायची, एवढेच आपल्या हाती आहे असे अनेक जण मानतात. वास्तविक ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याच्या झिजेचा संधिवात, असलेल्या अनेक रुग्णांवर शस्त्रक्रियेची वेळ येतच नाही.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे मिळतात, तेथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिचे पोषण होते आणि त्यासाठी सांधा हलता राहावा लागतो. घडते मात्र उलटेच. दुखते म्हणून माणूस चालणे कमी करतो. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू दुबळा होतो. त्याने झेलायचा धक्का सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. मग बाजारहाट, देवदर्शन, नातलगांकडची कार्ये एकेक करून सुटत जातात. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी शाखेचा जिना कठड्याला धरून, दर दोन पायऱ्यांनी थांबत चढणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांपैकी कित्येकांची कथा हीच असते.

हे चक्र मोडायचे तर सुरुवात त्या स्नायूपासून करावी. खुर्चीवर ताठ बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, पाच ते दहा सेकंद तसाच धरावा आणि सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा. उताणे झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती गुडघ्याने दाबावी, हा दुसरा व्यायाम. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे हा तिसरा. तो घाईने करू नये. आरंभी थोडे दुखेल. दुसऱ्या दिवसापर्यंत ते ओसरले तर चिंता नको. न ओसरल्यास व्यायाम कमी करावा, बंद करू नये. गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरेच जण त्याआधीच कंटाळतात. फिजिओथेरपिस्टला एकदोनदा दाखवून पद्धत तपासून घेतलेली बरी.

वजनाचा हिशेब तर बँकेच्या ग्राहकाला सहज पटावा. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार स्थूल रुग्णाचे वजन एक किलोने उतरले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. पाच किलो उतरले, तर वीस किलो. आणि पावले दिवसाला हजारो!

घरातही थोडे बदल हवेत. पूजा, जेवण, भाजी निवडणे ही कामे जमिनीऐवजी खुर्चीवर बसून करावीत. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा.

औषधांकडून मात्र बेताचीच अपेक्षा ठेवावी. दाहशामक जेल बऱ्याच जणांना उपयोगी पडते. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेतल्यास जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम होऊ शकतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवड्यांपुरता असतो. दुर्बिणीने सांधा धुऊन साफ करण्याच्या शस्त्रक्रियेबाबतचा ह्यूस्टन येथील १८० रुग्णांवरील प्रयोग तर बोलका आहे. काही रुग्णांच्या गुडघ्यावर नुसते छेद देऊन टाके घातले होते. तरी प्रत्यक्ष शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्यापेक्षा अधिक आराम मिळाला नाही. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले.

सांधेरोपण वाईट, असा याचा अर्थ नव्हे. महिनोन्‌महिने नेटाने व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणे कठीण होत असेल, तर ते लांबवू नये. त्यापूर्वी व्यायाम केलेला असल्यास मांडीतील ते बळ शस्त्रक्रियेनंतर उभे राहतानाही कामी येते. मात्र गुडघा अचानक लाल व गरम होऊन सुजला, सोबत ताप आला किंवा सांधा अडकून बसला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.